सोनतुरे कुठे गेले?

शेटिकँप, १८ एप्रिल १९९६

चि. क्लोटील्ड हिस,
अ. उ. आ. वि. वि.

आम्ही खुशाल आहोत. समुद्रावरचा बर्फ फुटला. ईस्टर झाल्यापासून अंसेल्म चर्चचा ऑर्गन उघडून जुळवत बसलाय. जेवायलाही हाका माराव्या लागतात.

बातमी मात्र वाईट आहे. चर्चमागच्या स्प्रूसच्या रानात यंदा एकही सोनतुरा नाही. तेच गं, अंगठ्याएवढं पाखरू, डोक्यावर पिवळी रेघ. सिस्टर ओडील त्याला आपल्या वर्गातली सर्वांत धाकटी गाणारी म्हणायच्या. रोज सकाळी कान देऊन उभी राहते, पण रान गप्प. साप्ताहिकातल्या माझ्या सदरात तसं लिहूनही टाकलं. वाचून बायका माझं सांत्वन करायला आल्या, जणू घरातलं कुणी गेलंय.

इतकी वर्षं या जिवांचं नवल वाटलं म्हणून लिहीत गेले. तेच उरलं नाही तर काय लिहू? सदर बंद करते असं संपादकांना कळवणार आहे. पत्र लिही, करमत नाही.

तुझी,
युलाली

हॅलिफॅक्स, २४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, आणि मग नाताळ आठवला. तुझा ओव्हन पीं पीं करत जीव तोडून ओरडत होता. मी अंगणातून धावत आले, तर तू शेजारीच गालिचा विणत बसली होतीस आणि केकचा कोळसा झाला होता. वर ओव्हनच बिघडलाय म्हणून मलाच ऐकवलंस!

रागावू नकोस, पण संपादकांना लिहिण्याआधी एकदा अंसेल्मभावोजींना रानात घेऊन जा. तू पुटपुटलीस तरी त्यांना ऐकू जातं, ही तुझीच तक्रार ना?

धाकटीचा आगाऊपणा पोटात घाल.

तुझी,
क्लोटील्ड

शेटिकँप, ३० एप्रिल

चि. क्लोटील्ड हिस,
अ. उ. आ. वि. वि.

आगाऊ आहेसच. रागाच्या भरात दोन दिवस तुझं पत्र उशीखाली ठेवलं, मग अंसेल्मला घेऊन गेले.

रानात शिरताच त्याने बोट वर केलं. म्हणाला, हे काय, ओरडतायत की कधीपासून! मग आधी का नाही बोललास, म्हटलं. तर म्हणे, पाखरांची बाई तू, मी तुला काय शिकवणार? मी वाद्यं जुळवणारा माणूस!

दुर्बीण लावली. फांदीच्या टोकाला सोनतुरा होता. चोच उघडी, गळा थरथरतोय, तुरा ठिणगीसारखा फुललेला. आणि मला काही म्हणजे काही ऐकू येईना. मी तिथेच ओल्या शेवाळावर बसले आणि रडले. अंसेल्म घाबरला. त्याला म्हटलं, अरे वेड्या, ते आहेत! सगळे इथेच आहेत!

गाताना सोनतुऱ्याचा गळा एवढा थरथरतो, हे इतक्या वर्षांत मी कधी पाहिलंच नव्हतं. ऐकू येत होतं ना, मग बघतंय कोण?

संपादकांना पत्र गेलं, पण निराळं: सोनतुरे जागेवर आहेत, बाईंच्या कानांतून वरचे बारीक स्वर तेवढे गेले; सदर चालू राहील. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर सगळ्या बायका हसल्या. आता माझ्याशी बोलतात त्या ओरडून!

तुझ्या बागेत सोनतुरा आला की त्याचं गाणं शेवटी कसं उतरतं ते लिहून कळव. मी विसरत चाललेय.

माझ्यावरची माया अशीच राहू दे, आणि पुढच्या वेळी जरा मोठ्याने कर.

तुझी,
युलाली