ऑइलचा लाल दिवा

६ ऑक्टोबर, सोमवार
"ऑइलचा लाल दिवा लागला की आधी गाडी बंद, मग देव आठवायचा." बिद्रीच्या माळावर मला गाडी शिकवताना अप्पा म्हणाले होते. आज दिवा लागला आणि मी वडिलांची आज्ञा पाळली — भर दसरा चौकात. मागचा टेम्पोवाला म्हणाला, "वैनी, हितंच मुक्काम हाय काय?"

ऑइल तपासलं. पुरेसं होतं. इंजिन चालू केलं की दिवा आहेच. शेवटी एका जीपला दोरी बांधून गाडी घरी आणली.

हे लगेच म्हणाले, "विकून टाकू." जणू वाटच बघत होते. अप्पांची एवढी एकच वस्तू माझ्याकडे आहे. पुढच्या सीटला अजून त्यांच्या पाठीचा खड्डा आहे.

७ ऑक्टोबर
पेठ वडगावचं गिऱ्हाईक रविवारी बघायला येणार. दिवा लागलेला असेल तर भंगाराच्या भावात जाईल, म्हटलं. "जाऊ दे की." कोथिंबिरीच्या जुडीसाठी भांडणारा हा माणूस!

८ ऑक्टोबर
पुन्हा दोरी. उद्यमनगरात उदयसिंह मिस्त्रींकडे. त्यांचं निदान बॉनेट उघडायच्या आधीच तयार — "इंजिन बसलं, वैनी. खोलाय लागतंय."

खोलायच्या आधी ऑइलचा दाब मोजा, म्हटलं.

"मला शिकवताय व्हय?"

मी स्टूल ओढून बसले. चहा आला, तोही घेतला. शेवटी मला घालवायला म्हणून त्यांनी दाबाचा सेन्सर काढला, त्या जागी मोजायचं घड्याळ लावलं आणि गाडी चालू केली. काटा हवा तिथं जाऊन थांबला. इंजिन ठणठणीत. खोटं बोलत होता तो सेन्सर.

मिस्त्री सेन्सरच्या वायरचा प्लग उलटा करून बघत राहिले. आत हिरवट गंज, पांढरा चिकट लगदा. वास घेतला. "वैनी, ह्यात खोबरं कसं काय?"

घरी येऊन अत्तींना विचारलं — सासूबाईंना. खंडेनवमीला नारळ कुठं फोडला होता?

"इंजिनवर. चाकाम्होरं सगळीच फोडत्यात. गाडी वडतंय कोण, चाक का इंजिन?"

पाणीही आतच ओतलं होतं. वर विभूती. या युक्तिवादात मला चूक सापडेना.

९ ऑक्टोबर
नवा सेन्सर बसला, वायरचं टोक साफ झालं. आता चावी फिरवली की दिवा लागतो, इंजिन सुरू झालं की जातो. मी उगाच पुन्हा पुन्हा करून बघत होते. "बास की, बॅटरी उतरंल," मिस्त्री म्हणाले. "आणि म्हातारीला सांगा, फुडल्या वर्षी नुसतं कुंकू."

पेढे घेऊन घरी आले. यांनी पेढा खाल्ला. म्हणाले, "गिऱ्हाईक येऊ दे रविवारी."

१० ऑक्टोबर
बोलणं बंद.

११ ऑक्टोबर
अत्तींना वाटतंय, त्यांच्या नारळापायी गाडी विकायला चाललीय. रात्री यांच्या ताटात भाकरी वाढली, आमटी वाढलीच नाही. "नारळ माझा, शिक्षा तिला का? आधी तिच्याशी बोल, मग कालवण." हे कोरडी भाकरी खाऊन उठले. मला वाईट वाटलं. वाढली मात्र मीही नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
सकाळी यांनीच वडगावला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. मग स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभे राहिले. म्हणाले, डोळ्यांच्या डॉक्टरांनी श्रावणातच गाडी चालवायला बंदी केलीय. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. "गाडी दारात असली की लोक विचारणार, हा का चालवत न्हाय. विकली असती तर प्रश्नच मिटला असता." माझ्याकडे न बघता बोलत होते. मी गॅस बारीक केला.

उद्या परत डॉक्टरांकडे जायचंय. मी म्हणणार आहे — मी नेते, तुम्ही शेजारी बसा. रिक्षानं जातो म्हणतील. नाहीच म्हणतील. तरी विचारते.