उतारावरची जीप

सेक्टर २, भिलाई
१२ ऑक्टोबर १९८८

प्रिय देवानंद,

डेट्रॉईटहून तू पाठवलेलं ड्रॉइंग पोचलं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ते टेबलावर पसरून पाहून राहिलो. इंजिन आडवं, ओढणार पुढचीच चाकं, म्हणून गिअरबॉक्स न् डिफरन्शिअल एकाच डब्यात कोंबावं लागते, आणि तेवढ्याश्या जागेत गिअर आपोआप बदलायची सोय करायले तुम्हाले चार वर्षं लागली. क्लचच नाही, म्हणजे डाव्या पायाले काम नाही. हे वाक्य तू कोणासाठी लिहिलं ते समजलं.

तुझा जीव मात्र त्या लोखंडी दातात अडकला आहे. लिव्हर 'पी'वर, म्हणजे 'पार्क'वर, नेलं की दात चक्रात बसतो आणि पुढची चाकं हलत नाहीत. सात वेळा त्याचा आकार बदलला म्हणतो. वरच्या साहेबानं पुरे म्हटल्यावरही गाडी उतारावर उभी करून तपासतच राहिला. इतकं मागं लागावं असं ते काम नाही, बाबा.

माझं ठीक आहे. नकली डाव्या पायानं सायकल चालवतो, साधना ओरडते. तुझी आई, कलावतीकाकू, रिसालीत एकट्याच. दिवाळीनंतर डोळ्याचं ऑपरेशन आहे. पोरगा तेरा वर्षं कावून येत नाही, हे त्या मलेच विचारतात. मी तुझ्या नोकरीचं कारण सांगतो. खरं कारण माझा पाय आहे, हे आपल्या दोघांलेच माहीत.

आता ऐक. त्या दिवशी रुआबांध्याच्या उतारावर बाबुलालची मागून आणलेली जीप उभी करून तू पान आणायले गेला. हँडब्रेक ढिला, म्हणून पहिला गिअर टाकूनच उतरला होता. मी तुझ्या सीटवर सरकलो, ड्रायव्हरच्या रुबाबात दांडा हलवला, न्यूट्रलमध्ये सोडला आणि उतरून गाडीसमोर उभा राहिलो. ब्रेकनं जरा वेळ धरलं, मग सुटला आणि जीप माझ्या पायावरून गेली. दवाखान्यात तू रडत म्हणाला की गिअर टाकायचा मीच विसरलो. मी गप्प राहिलो. आधी दुखत होतं म्हणून, मग तू रोज डबा आणायचा ते बरं वाटायचं म्हणून. मग तू निघूनच गेला. चूक माझी होती. मले लाज वाटते.

काकूंच्या डोळ्यावरची पट्टी सुटेल तेव्हा समोर तू पाहिजे. दुर्ग स्टेशनावर घ्यायले मी येतो. माझ्याशी बोलायचं की नाही, ते तिथं ठरव.

तुझाच,
शामसुंदर