कटआउटमधला पुठ्ठा

नांदुरा,
२२ जानेवारी १९६७

प्रिय गुलाब,

सहदेवची तेरवी झाली. खामगावहून सगळे आले, तू आला नाहीस. माझ्या धाकट्या भावाला तूच गाडी शिकवलीस, म्हणून पंगतीत दोघातिघांनी तुझी चौकशी केली. तब्येत बरी नसेल, असं मी सांगितलं. ते खरं आहे की नाही, मला माहीत नाही.

वरवट बकालच्या ओढ्यावरच्या मोरीवरून कापसाचा ट्रक खाली गेला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. सहदेव पिऊन होता, असं ट्रकच्या मालकाने फौजदारांना लिहून दिलं आहे. कोकिळा आजवर माझ्यासमोर कधी मोठ्याने बोलली नाही. मी तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ पडतो. पण राख सावडून आलो त्या दिवशी ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, हे पेले होते काय? तुमीच सांगा, मंग मी कोनाले नाई इचारनार." 

ट्रक मालकाच्या कापसाच्या जिनाच्या आवारात आणून टाकला आहे. एसटीच्या डेपोतून रजा घेऊन मी तिथे गेलो. आधी संशय मालकावरच होता. डाव्या बाजूचा दिवा फुटलेला नव्हता, तरी आतल्या बल्बची तार जळून गेली होती आणि काच आतून काळी पडली होती. आपटल्याने काच अशी काळी पडत नाही. मागचा लाल दिवाही तसाच. बॅटरीची झाकणं काढली, तर पाणी आटून पत्रे उघडे पडलेले. म्हणजे डायनॅमो बेसुमार वीज देत होता आणि त्याला आवरणारं कटआउट आवरत नव्हतं. ती कटआउटची पेटी काढून डेपोतल्या डायनॅमोला जोडली. वेग वाढवला तसा मीटरचा काटा चौदा व्होल्टवर थांबायला हवा होता, तो वीसच्याही पुढे गेला. त्या संध्याकाळीही असंच झालं असणार. सहदेवने उतारावर वेग घेतला, सगळे दिवे एकदम गेले आणि अंधारात मोरी दिसली नाही.

मग झाकण उघडलं. स्क्रूवर नवे ओरखडे होते. वीज जास्त झाली की उघडून ती तोडणारे पॉइंट उघडूच नयेत म्हणून खाली सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा घातलेला, तीन घड्या नखाने दाबलेल्या, सरकू नये म्हणून एक कोपरा तिरका कापलेला. उस्तादांकडे आपण पाच जण शिकलो. कोपरा कापणारा तू एकटाच. उस्ताद तुला म्हणायचे, "अबे गुलाब, तू रोग बरा नाई करत, रोग्याचं तोंड दाबतं." आपण हसायचो.

 तुझा राग आला. तेरवीला तू का आला नाहीस, तेही कळलं असं वाटलं. नंतर दिवाळी आठवली. थंडीत बॅटरी उतरायची, मालक नवी देत नव्हता. रोज सकाळी इंजिन सुरू करायला हँडल मारता मारता एकदा ते उलटं फिरलं आणि सहदेवचं मनगट मोडलं. तुझ्या दुकानात येऊन मीच म्हणालो होतो, "काही बी कर, पन त्याले हँडल मारू देऊ नको." तू मान हलवलीस. मनगट बरं होऊन तो पुन्हा गाडीवर बसला, तेव्हापासून बॅटरी एकदाही उतरली नाही. ती कशी उतरत नाही हे मी विचारलं नाही. गुलाब, मी इलेक्ट्रिशियन आहे. मला विचारायची गरजच नव्हती.

बुधवारी सकाळी दहाला मी पेटी घेऊन फौजदारांकडे जाणार आहे. पुठ्ठा होता तसा आत ठेवला आहे. सहदेव प्यालेला नव्हता, एवढं तरी कागदावर यायला पाहिजे. कुणी सांगितलं म्हणून हे झालं, असं विचारतील तेव्हा माझं नाव मी आधी सांगीन. कुणी केलं, असंही विचारतील. तुझ्या पाठीमागे तुझं नाव घेणं मला जमणार नाही, आणि खोटं सांगणंही आता जमणार नाही. म्हणून हे पत्र लिहिलं. मंगळवारच्या गाडीने ये. आधी घरी जाऊ आणि कोकिळाला दोघं मिळून सांगू.

तुझाच,
हिंमत