स्टेलाच्या कानातल्या काड्या

१२ फेब्रु. ९६
शाळेच्या व्हरांड्यात स्टेला मान वाकडी करून बसायची आणि मी तिच्या कानात काडी घालून द्यायची. केरसुणीची, नखाएवढी. भोक बुजू नये म्हणून. तिच्या घरी सोनं नव्हतं. 'हळू ग, कान आहे, उशीचा अभ्रा नाही!' सिस्टर काढायला लावत. मधल्या सुट्टीत मी परत घाली.

सकाळी अरुळचा फोन. तिचा धाकटा भाऊ. 'अक्का, स्टेला गेली.' कुंभकोणच्या कोर्टातून परतताना, बसमध्येच. काळा कोट मांडीवर.

१४ फेब्रु.
दफन झालं. तिरुवैयारुकडच्या शेतमजूर बायका लॉरी करून आल्या होत्या. पुढे पाप्पाम्मा, त्यांच्या संघाची. गावच्या वरच्या जातींच्या रस्त्यावरून चालल्या म्हणून या बायकांना कोठडीत टाकलं, तेव्हा स्टे.नं सोडवलं. मग त्याच रस्त्यावरून त्यांच्याबरोबर चालली.

बहुतेकींच्या कानात काड्या. स्टे.च्याही, शेवटपर्यंत. ती वकील झाल्यावर मी एकदा तिच्यावर रागावले होते. म्हणाली, 'साक्ष द्यायला उभी राहते तिच्या कानात काडी, आणि माझ्या कानात सोनं? नाही जमत ग.'

२० फेब्रु.
पडतिरप्पु ठरला. गेलेल्याच्या तसबिरीवरचा पडदा ओढायचा, मग लोक बोलतात, इथली रीत. पण फोटो कुठे आहे? कॅमेरा दिसला की ही खांबाआड. माझ्याकडचा एकच, आमच्या गच्चीवरचा, हसतानाचा. राजवाड्यामागच्या चित्रकाराला दिला. बाकी सगळे आता कलर लॅबवाले. हातानं रंगवणारा हाच उरला.

२७ फेब्रु.
तसबीर आली. कपाळावर कुंकू, कानात लाल खड्यांची सोन्याची फुलं!
'अहो, ती ख्रिश्चन.'
'मग कुंकू पुसतो, अम्मा. फुलं राहू द्या. खरा वर्ख आहे. गेलेल्या बाईला काड्या कशा काढू? पाप लागेल.'
रागवायच्या तयारीत होते, तेवढ्यात अरुळ आला. बघत राहिला. 'आमच्या अम्माला एवढंच हवं होतं, अक्का. पोरीच्या कानात एकदा सोनं बघायचं.' डोळे भरले त्याचे. कुंकू तेवढं पुसून घेतलं.

२९ फेब्रु.
पाप्पाम्मा सभेचं विचारायला आली. तसबीर माझ्या बैठकीत, भिंतीला टेकवलेली.
'ही कोण? कुठली मालकीण?'
'अग, स्टेला.'
वाकून नीट पाहिलं. 'आमची वकीलम्मा नाही ही. ही समोरून आली असती तर आम्ही रस्त्याच्या कडेला झालो असतो.'
कॉफी तशीच ठेवून गेली.

३ मार्च
दुसरी तसबीर सांगितली. काड्यांसकट. चित्रकार कुरकुरला, 'सोनं कुणीही लावील, अम्मा. काडी काढणं अवघड.' पण घेतली करायला.

अरुळला मीच फोन केला. काड्यांचं सांगितलं. तो म्हणाला, 'लोक म्हणतील, भाऊ बँकेत ऑफिसर, आणि बहिणीच्या कानात केरसुणी.'
'तू येशील ना?'
फोन ठेवला त्यानं. लहानपणी रुसायचा तेव्हा स्टे. त्याला कडेवर घेऊन अंगणात फिरायची. मला तेही येत नाही.

९ मार्च
नवी तसबीर आली. तीच आहे. मान जरा वाकडी, जशी व्हरांड्यात.

उद्या दोरी मी ओढायची. पडद्यामागे हीच. अरुळचा अजून निरोप नाही.

सुनेला सांगून ठेवलं, मी विसरले तर:
सोन्याची तसबीर अरुळला. त्याच्या आईच्या फोटोसमोर लावावी, आईला दिसेल अशी.
काड्यांची, सभा झाल्यावर, पाप्पाम्माच्या संघाला.
मूळ फोटो मी आहे तोवर माझ्याजवळ. मग सुनेला, माझ्या हिऱ्याच्या कुड्यांबरोबर, एकाच डबीत.
पहिल्या रांगेतली, माझ्या शेजारची खुर्ची अरुळला. उशीर झाला तरी दुसऱ्या कुणाला देऊ नये.