वेगासाठी रोड रोलर

मंगळवार, ३ मार्च

इंजिन आलं. रोड रोलरचं! डांबर दाबत सरकणारा, ज्याला पायी चालणारेही मागे टाकतात, तो रोलर. ह्यांना त्याच्यावर जमिनीवरच्या वेगाचा विक्रम करायचाय. क्रेनने ते मागच्या शेडमध्ये उतरवलं तेव्हा शेजारी गॅलरीत उभे राहून बघत होते. मी पडदा ओढून घेतला.

बुधवार, ४ मार्च

विचारलं — अहो, लोक विमानाचं इंजिन बसवतात, मोटारबोटीचं बसवतात, तुम्हाला रोलरच कसा सुचला? म्हणाले, "रोलर हळू चालतो तो गिअरमुळे. इंजिन बिचारं कुणी कधी पळवून बघितलंच नाही."

खरं कारण माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने चहा पिता पिता सांगितलं. ह्या शर्यतींत इंजिनाच्या प्रकाराप्रमाणे गट पाडतात, आणि आमच्या गटात आजवर एकही गाडी उतरलेली नाही. म्हणजे जो वेग येईल तो विक्रम! वर्गात एकच मुलगा असला की पहिला नंबर त्याचाच. असा रिकामा वर्ग हे दोघे साडू कित्येक वर्षं शोधत होते.

रविवार, ८ मार्च

आज स्पष्ट बोलणं झालं. शेड मला हवी आहे. घर घेतलं तेव्हापासून ती "तुझ्या शिवणकामाला" आहे, आणि मी अजून जेवणाच्या टेबलावर कपडे बेततेय. जेवायची वेळ झाली की सगळं गुंडाळून पलंगावर. परवा गिऱ्हाइकाच्या रेशमी झग्यावर चहा सांडला. रडूच आलं.

ठरलं ते असं — विक्रम झाला तर शेड कायमची ह्यांची, मी पुन्हा विषय काढायचा नाही. नाही झाला तर गाडी भंगारात आणि शेड माझी. धाकटीचा नवरा साक्षीदार.

ते इंजिन सुरूच होऊ नये.

शुक्रवार, १३ मार्च

सुरू झालं. खिडकीची तावदानं अजून थरथरताहेत.

गुरुवार, २ एप्रिल

गाडी आकाराला येतेय. पेन्सिलीसारखी लांब. इंजिन मागे, चालवणारा पुढे, जवळजवळ आडवा. अंग जितकं अरुंद तितका वारा कमी अडवतो म्हणे. इंजिनाचं माप इतक्यांदा घेतलं की टेपवरचे आकडे पुसले. टेप माझी! बोटभर पत्रा इकडे घ्यायचा की तिकडे, यावरून दोघे तासन्‌तास हुज्जत घालतात.

शनिवार, १८ एप्रिल

हसून हसून पोट दुखतंय. आज बसून बघायची तालीम होती. हे कमरेपर्यंत आत गेले आणि अडकले. धाकटीचा नवरा वरून खांदे दाबतोय, हे म्हणताहेत, "थांब, श्वास सोडतो, आता दाब." शेवटी दोघांनी मिळून ह्यांना बाहेर ओढलं — म्हणजे मी आणि त्याने. मग तो चढला. तो ह्यांच्याहून रुंद.

इंजिनाभोवती गाडी बांधली आणि चालवणाऱ्याचं माप घ्यायचं राहूनच गेलं! घरात शिवणारी बाई असताना. ह्यांच्या सगळ्या पँटी मीच उसवून सैल केल्यात. विचारलं असतं तर कमर तोंडपाठ सांगितली असती. आता कापून रुंद करायला वेळ नाही, शर्यत दोन आठवड्यांवर आलीय.

शेडच्या पडद्यांसाठी कापड बघून आले.

रविवार, १९ एप्रिल

जेवताना दोघेही माझ्याकडे बघत होते. चेहऱ्याकडे नाही, खांद्यांकडे. म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे ना?

सोमवार, २० एप्रिल

सहज बसून बघितलं. मावते.

हो म्हटलं. का म्हटलं, ते इथे लिहायला हरकत नाही. विक्रमासाठी एक फेरी जाताना आणि एक परत येताना, दोन्ही तासाभरात माराव्या लागतात. दोन्ही वेगांची सरासरी धरतात. मी एक फेरी हळूच मारणार, "इंजिन तापलंय" म्हणणार आणि उतरणार. परतीची फेरी नाही तर विक्रम नाही. ह्यांना माझा रागही येणार नाही आणि शेड माझी.

रविवार, २६ एप्रिल

सराव. क्लच दाबून पोटरीत गोळे आले.

शनिवार, २ मे

सुकलेलं खारं तळं, नजर पोचेल तिथवर पांढरं. एकाने आगीच्या बंबाचं इंजिन आणलंय, एकाने बर्फ उपसायच्या यंत्राचं. सगळे भयंकर गंभीर!

पहिली फेरी ठरल्याप्रमाणे. सायकलवाला हसला असता. दुसऱ्या टोकाला वेळ नोंदवणारे गृहस्थ वाकून म्हणाले, "छान हं ताई. अगदी सांभाळून आणलीत." चार जणांनी टाळ्या वाजवल्या. बालवाडीत वाजवतात तशा.

हे मागून दुसऱ्या गाडीने येत होते, ते उतरून धावत आले. मला इंजिन तापलंय म्हणायची वेळच आली नाही. म्हणाले, "बास झालं. घाबरली असशील. उतर तू, नको तो विक्रम." मनापासून म्हणाले. शेड हातात आली होती, फक्त उतरायचं होतं.

मला काय झालं कुणास ठाऊक. राग आला. त्या टाळ्यांचा, त्या "सांभाळून"चा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. म्हटलं, "झाकण लावा."

पाय दाबला तो उचललाच नाही. आधी दात वाजत होते, डोकं मागे आपटत होतं. मग आवाज मागे कुठेतरी राहून गेला. पुढे नुसतं पांढरं. माझा झगा झाला का, जेवायला वाढतेस ना, टेबल मोकळं कर — कुणी काही विचारत नव्हतं. इतकी खूश मी शेवटची कधी होते, आठवत नाही. मी ओरडत होते हे थांबल्यावर कळलं, घसा बसलाय.

परतीची फेरी ताशी एकशे अठ्ठ्याहत्तर किलोमीटर. रोलर!

पहिल्या फेरीने सरासरी पार खाली ओढली, पण वर्गात मी एकटीच. विक्रम झाला. शेड गेली.

सोमवार, ४ मे

हे भेटेल त्याला सांगताहेत, "करामत सगळी गिअरची." चालवली कुणी, असं विचारलं की — "आमच्या घरातूनच."

बुधवार, ६ मे

हे शेडमध्ये गाडीशेजारी स्टूल टाकून बसले होते. मला म्हणाले, "आत कसं वाटतं गं?" सांगत गेले. ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरले. इतकी वर्षं ज्याचा ध्यास घेतला, त्यात मी बसून आले. फार वाईट वाटलं. जवळ बसले थोडा वेळ.

शनिवार, ९ मे

"शेड तू घे," म्हणाले. "मला आता तिथे करमत नाही. इंजिन विकून टाकतो."

म्हटलं, शिलाईचं मशीन टेबलावरच बरं आहे. इंजिनाला हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी वारा आणखी कमी अडायला हवा — बसायची जागा दोन बोटं अरुंद करा.