अमावास्येची तपासणी

माघ वद्य द्वादशी, संध्याकाळ

डिपोटीसाहेबांनी शाळातपासणीला सोयीचा दिवस विचारला, आणि मी अमावास्या कळवली! पत्र तीनदा वाचलं, एकही काना चुकला नाही. आज कोळीवाड्यातली हिराबाई हसलीच, "मास्तर, अवसेच्या उधानाला जाली भरतान, पोरां वालूवर मासली सुकवाला जातान. पानी मंद असताना बोलवाचा व्हता ना!"

निम्मी शाळा कोळ्यांची. वर्ग रिकामा दिसला की बोर्ड शाळा बंद करणार. कॉलेजाची पायरी न चढता शिकलो म्हणून मिरवतो मी, आणि दारातला समुद्र कळू नये? तीनदा वाचलं होतं ते पत्र.

"पोरांना तासभर तरी धाडा," म्हटलं.

"मंग तुमीच या वालूवर!"

साहेबांना मासळीत उभं करू? नोकरीच जायची. तरी फळ्याला दोरी बांधून ठेवली आहे, उचलून न्यायला.