दोन पंचकोन

प्रिय आई,

काल नाकाच्या डॉक्टरांनी दुर्बीण आत घातली आणि पडद्यावर दोन्ही नाकपुड्यांत सोललेल्या द्राक्षांसारखे फिकट घोस दिसले. पॉलिप. साधी वाढ आहे, घाबरू नका, म्हणाले. आधी फवारा आणि गोळ्या, नाहीच आटले तर दुर्बिणीतून काढून टाकू. मग त्यांनी मला सहज विचारलं, किती वर्षं वास येत नाही यांना? पोटच्या पोरीला सांगता येईना. तू मात्र त्यांना समजावत होतीस, की माणूस म्हणजे भोकं पाडलेली नळी, आणि दोन भोकं बुजल्यामुळे तू आता निराळीच आकृती झाली आहेस. ते खो खो हसले. मला हसू आलं नाही.

वृद्धनिवासात फिनेलची बाटली फुटली, सगळ्यांनी नाकाला पदर लावले आणि तू शांतपणे कोडं सोडवत बसलीस, एवढ्यावरून तिथल्या नर्सने ओळखलं. माझ्या घरात तुझ्यासमोर दूध करपून पातेलं काळं झालं, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. नाक बंद, म्हणून तुझ्या झोपेचं खोबरं. दिवसा पेंगायचीस, शब्द विसरायचीस. आणि मी जो भेटेल त्याला सांगत सुटले, आईचं डोकं चालेनासं झालंय.

लहानपणी तू खिळे ठोकलेल्या फळीवर रबरबँड ताणून मला नक्ष्या शिकवायचीस. ताण, वाकव, चौकोनाचा गोल कर, नक्षी तीच राहते. फक्त तोडायचं नाही. शेजाऱ्यांच्या खिडकीची जाळी आणि आपल्या दाराची जाळी तुझ्या लेखी एकच, कारण भोकं सारखी. शाळेत तुझ्या गणिताच्या वर्गातल्या मुली तुला रबरबाई म्हणायच्या आणि तू खूश व्हायचीस.

काल गाडीत दोनदा तोंड उघडलं, पण हिंमत झाली नाही, म्हणून लिहिते आहे. तू माझ्याकडे राहत असताना झालेल्या स्मरणशक्तीच्या तपासणीत तपासणाऱ्या बाईंनी तुला एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून काढायला सांगितले. तू एकमेकांवर चढलेले दोन बटाटे काढलेस आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावलास. बाईंनी चूक धरली. त्या एका गुणाने तू स्मरण शाबूत असल्याच्या रेषेखाली गेलीस. मला कळलं होतं, आई. तुझी थट्टा कळणारं त्या खोलीत एकच माणूस होतं आणि ते गप्प बसलं. नोकरी, पोरगा, भिंतीपलीकडचं तुझं घोरणं, सगळ्याने मी विटले होते. मला तो आकडा हवाच होता. तो दाखवून मी तुला निवासात ठेवलं. सोमवारी त्या बाईंना जाऊन सगळं सांगणार आहे. शनिवारी गाडी घेऊन येते. घरी यायचं असेल तर काही बोलू नकोस, नुसता डोळा मिचकाव. या वेळी मी गप्प बसणार नाही.

तुझीच,
रबरबाईची पोर